सात मार्चला जन्मलेले जनार्दन सबनीस

दत्तात्रेय सबनीसांना माणसं तारखेने लक्षात राहतात. एकवीस मार्च म्हटलं की त्यांना शहनाई ऐकू येते, चार फेब्रुवारी म्हटलं की किराणा घराणं. स्वतःच्या मुलीच्या लग्नाची तारीख विचारली तर ते आधी कुठल्याशा बीनकाराची पुण्यतिथी सांगतात आणि मग म्हणतात, "त्याच्या दुसऱ्या दिवशी." या गोष्टीला हसायचं त्यांच्या मुलीने सोडलं, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

ते स्वतः जन्मले एकोणीसशे एकोणपन्नास साली, म्हणजे ज्या वर्षी बडोदे संस्थान विलीन झालं त्या वर्षी. त्यामुळे संस्थान त्यांनी कधी पाहिलं नाही, आणि कधी विसरलेही नाहीत. नोकरी रेल्वेच्या प्रतापनगरच्या कचेरीत केली, घर समा भागात बांधलं, आणि आयुष्य दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी वाचनालयाच्या फळ्यावर घालवलं.

फळा जिन्यापाशी होता. दोन फूट रुंद, तीन फूट उंच, वर पांढऱ्या रंगात कायमचं रंगवलेलं 'आजचे दिनविशेष'. त्याखाली सहा ओळी मावत. सातवी ओळ लिहिली तर ती जिन्यावरून येणाऱ्याच्या गुडघ्याला पुसली जाई, म्हणून इतिहासाला सहाच ओळींची परवानगी होती. दोन ओळी लढाया, तह, शोध यांना. तीन ओळी गवई आणि वादकांना, कारण सबनीसांचं मन तिथे होतं. शेवटची ओळ बडोद्याला. घटना पांढऱ्या खडूने, जन्म पिवळ्या, मृत्यू निळ्या. एकदा पिवळा खडू संपला म्हणून त्यांनी एका जिवंत सतारियाचा वाढदिवस निळ्याने लिहिला, आणि त्याच्या एका शिष्याने खाली उभं राहून रडायला सुरुवात केली. तेव्हापासून पिवळ्या खडूचा एक डबा त्यांच्या शबनममध्ये कायम असे.

हे त्यांनी सदतीस वर्षं केलं. सुरुवातीला कचेरीत जाण्याआधी सकाळी आठला, निवृत्तीनंतरही आठलाच. घरी बारा लांब वह्या, महिन्याला एक. दर तारखेला एक पान. नवं काही वाचनात आलं की पानावर भर पडायची. कुणी विचारायचं, "सबनीस, हे सगळं कशासाठी?" तर ते म्हणायचे, "उद्या तारीख येणारच आहे. ती रिकामी कशाला येऊ द्यायची?"

आता त्यांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण फळ्याचं खरं कारण ते.

जनार्दन सबनीस संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. संस्थान गेलं, बँड गेला, गणवेश जमा करून घेण्यात आला. क्लॅरिनेट परत मागायला मात्र कुणी आलं नाही. पुढे ते एका गिरणीच्या भांडारात लागले आणि जवळजवळ तीस वर्षं खिळे, पट्टे आणि वंगण यांच्यावर देखरेख करत राहिले. रविवारी दुपारी खिडक्या लावून वाजवत. खिडक्या लावत, कारण शेजाऱ्यांना वाटे कुणाच्या तरी लग्नाची वरात आली आणि मुलं गॅलरीत धावत येत. त्यांच्या वाजवण्याची एकही ध्वनिफीत नाही. ते एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली गेले तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: गिरणीचे निवृत्त कर्मचारी. बस. सबनीसांनी ते कात्रण अजून ठेवलंय, आणि अजून त्याच्यावर रागावलेले आहेत.

तीन वर्षांनी फळा त्यांच्या हाती आला. पहिल्याच वर्षी त्यांनी ठरवलं की वडिलांचं नाव एक दिवस तरी फळ्यावर, पिवळ्या खडूने, बाकीच्या वादकांच्या रांगेत लागलं पाहिजे. अडचण एवढीच की वडील कधी जन्मले हे त्यांना माहीत नव्हतं. साल माहीत होतं, एकोणीसशे एकोणीस. घरात वाढदिवस कधी झाला नाही. नोकरीच्या कागदावर तारीख होती एक जून. पण एक जून म्हणजे काय, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर वय अंदाजाने धरत आणि तारीख एक जून टाकत. शाळा जूनमध्ये उघडते, मास्तरांना सोपं. सबनीसांच्या जूनच्या वहीत पहिल्याच पानावर जन्मलेल्या गवयांची इतकी गर्दी होती की वाचणाऱ्याला वाटावं, मे महिन्याच्या अखेरीस देशात सुरांची साथ येत असे.

त्या गर्दीत वडिलांना उभं करायला सबनीसांचं मन घेईना. मग त्यांनी मार्चची वही उघडली. अकरा मार्च सयाजीराव महाराजांचा. बडोद्यातला कुठलाही मराठी माणूस तो दिवस दुसऱ्या कुणाला देणार नाही. पण चार दिवस आधी, सात मार्चच्या पानावर, परदेशात कुणालातरी टेलिफोनचं पेटंट मिळालं, यापलीकडे फारसं काही नव्हतं. दिवस मोकळा होता, महाराजांच्या जवळ होता, थंडी गेलेली आणि ऊन अजून न आलेलं. त्यांनी पिवळा खडू घेतला आणि लिहिलं: १९१९, क्लॅरिनेटवादक जनार्दन सबनीस यांचा जन्म.

म्हणजे त्यांनी तारीख बनवली. बारा वह्यांत बनवलेली ही एकच तारीख, असं ते म्हणतात, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. दर सात मार्चला त्यांची पत्नी अहल्याबाई शिरा करायच्या. सबनीस तो डब्यातून वाचनालयात आणायचे. आम्ही खायचो. कुणी काही विचारायचं नाही.

गेल्या जानेवारीत, उत्तरायण संपून पतंगांच्या दोऱ्या अजून झाडांना लोंबत होत्या तेव्हा, वाचनालयात स्क्रीन आला. अलकापुरीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी दिला. नवे चिटणीस समरजित शिर्के, वय चौतीस, संगणकाच्या कंपनीत काम करतात, घरी मराठी, बाहेर गुजराती आणि फोनवर इंग्रजी बोलतात, आणि तिन्हीत सारखेच नम्र असतात. त्यांनी सबनीसांच्या बाराही वह्या मागून घेतल्या, दोन मुलींना बसवून त्या टाइप करून घेतल्या, आणि फळ्याच्या जागी स्क्रीन लावला. फळा खाली गेला. त्याच्यावर कुणीतरी लिहिलं, 'चपला येथे काढाव्यात.' अक्षर वाईट होतं. सबनीसांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, पण चपला ते जिन्याच्या पलीकडे काढू लागले.

पहिल्याच बैठकीत समितीने ठराव केला: दोन स्रोत असल्याशिवाय कुठलीही नोंद स्क्रीनवर जाणार नाही. ठराव चांगला होता. सबनीसांनीच त्याला अनुमोदन दिलं. त्यांना वाटलं, आता त्या निळ्या खडूच्या चुका होणार नाहीत.

आठवड्याने समरजित त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन आले.

"काका, बाकी बधं बराबर आहे. फक्त सात मार्चला एक नाव आहे, त्याचा सोर्स वहीत लिहिलेला नाही. जनार्दन सबनीस. तुमचे कोणी?"

"वडील."

"अच्छा. मग जन्मदाखला असेल ने?"

"एकोणीसशे एकोणीसला कुठला दाखला."

"मग कुठून आली तारीख?"

सबनीस म्हणाले, "बेथोवनचा जन्म तरी कुठे नक्की माहीत आहे? सतरा डिसेंबरला बाप्तिस्मा झाला, म्हणून लोक एक दिवस मागे धरतात."

"त्याच्या बाप्तिस्म्याचा कागद आहे, काका."

सबनीस लॅपटॉपवरचं ते नाव पुन्हा वाचू लागले. समरजित म्हणाले, "वांधो नाही, बघा मिळतं का काही. नाही मिळालं तर ते नाव आपण काढून टाकू. नियम आहे, काय करणार."

नाव काढून टाकू. हे सबनीस मला नंतर तीनदा सांगून गेले, दरवेळी त्याच शब्दांत. वडील वादक होते असं सांगणारी जगात एकच ओळ होती, आणि तिला आता पुरावा हवा होता.

ते निजामपुऱ्याला मथुरा आत्यांकडे गेले. मथुराबाई म्हणजे जनार्दनरावांची धाकटी बहीण, भावापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान, आता एक्याण्णव. ऐकू उत्तम येतं, दिसत जवळजवळ नाही, बोलायला कुणी लागत नाही. सून नयना त्यांना गुजराती मालिका मोठ्या आवाजात लावून देते, आणि त्या मालिकेतल्या सासूला मराठीत बोल लावत बसतात.

"आत्या," सबनीस म्हणाले, "दादांचा जन्म कधीचा?"

"कुणाचा? आमच्या दादाचा? ग्रहणातला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? त्रिपुरी पौर्णिमा होती. पहाटेचं ग्रहण लागलं. आजी आईला म्हणत होती, थांब, जरा थांब, ग्रहण सुटू दे. आता ते काय आईच्या हातात होतं? इवलंसंच ग्रहण होतं म्हणे, चंद्राला कुणी कोपऱ्यात चावल्यासारखं. पण झाला तो त्यातच."

"मग घरात कधी कुणी बोललं कसं नाही?"

"बोलायचंच नव्हतं. सुईण सांगून गेली, ग्रहणातलं पोर, तिथी कुणाला कळू देऊ नका, नजर लागते. आईने मरेपर्यंत पाळलं. शाळेत मास्तरांनी तारीख विचारली तर आमचे वडील म्हणाले, तुम्हीच घाला चांगली बघून. त्यांनी घातली."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? तू फळ्यावर लिहून मोकळा. मला वाटलं, शिकलेला आहे, कुठे कागद सापडला असेल. मी कोण सांगणारी."

मग त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता नीट दिवशी लाव. शंभराच्या वर वर्षं झाली लपवून ठेवलाय त्याला. आता कुणाची नजर लागायची राहिलीय? आणि मला घेऊन जा. त्याचं नाव लागलेलं मी कधी पाहिलं नाही."

"नेतो," सबनीस म्हणाले.

पुढचे दोन दिवस त्यांनी वाचनालयातल्या जुन्या पंचांगांत घालवले. एकोणीसशे एकोणीसची त्रिपुरी पौर्णिमा, पहाटेचं चंद्रग्रहण. आपला दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो आणि इंग्रजी दिवस मध्यरात्री, म्हणून ते अर्धा तास सात नोव्हेंबर की आठ यावर अडून बसले. शेवटी आठ नोव्हेंबर पक्की झाली. मग त्यांनी नोव्हेंबरची वही उघडली, आठवं पान काढलं, आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले.

त्या पानावर सदतीस वर्षं एकच नाव ठळक होतं. मराठी घरात वाढलेल्याला ते सांगावं लागत नाही, म्हणून मीही सांगत नाही. साऱ्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस. वर पेटीही वाजवायचा. दर आठ नोव्हेंबरला सबनीस फळ्याच्या पाच ओळी त्यालाच देत, आणि आम्ही कुरकुर न करता वाचत असू. साल तेच होतं. एकोणीसशे एकोणीस. म्हणजे एकाच दिवशी, एकाच वर्षी दोन मुलगे जन्मले. एकाला लोकांनी डोक्यावर घेतलं, दुसऱ्याला घरच्यांनी ग्रहणापायी लपवलं आणि मुलाने चुकून मार्चमध्ये नेऊन ठेवलं.

"सहावी ओळ रिकामीच असायची हो त्या दिवशी," सबनीस मला म्हणाले. "मी तिथे बडोद्यातलं काहीतरी भरतीचं लिहायचो."

रविवारी सकाळी ते समरजितना भेटले. मी वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे वाचत नव्हतो.

सबनीसांनी तोंड उघडण्याआधीच समरजित म्हणाले, "काका, काम झालं. टेन्शन लेशो नही. चार सोर्स मिळाले."

"कसले?"

"सात मार्चचे. तुम्ही उगाच काळजी करत होता." त्यांनी लॅपटॉप फिरवला.

एका वेबसाइटवर बडोद्याचे विस्मृत वादक या मथळ्याखाली जनार्दन सबनीस होते, जन्म सात मार्च. दुसरीवर तेच, फक्त जन्मगाव कोल्हापूर जोडलेलं. तिसरीने त्यांना शहनाईवादक केलं होतं. चौथीवर आजच्या दिवशी जन्मलेले संगीतकार अशी जगभरची यादी होती, तीत ते एका इटालियन गायिकेच्या आणि एका ड्रमवाल्याच्या मध्ये बसले होते. समरजितनी मोबाइलला तोंडी विचारून दाखवलं. मोबाइलनेही अजिबात न अडखळता सात मार्च सांगितलं.

पहिल्या वेबसाइटवर एक छायाचित्र होतं. आमचा फळा. सबनीसांचं अक्षर, पिवळा खडू. दहा-बारा वर्षांपूर्वी कुण्या विद्यार्थ्याने काढलेलं. बाकी सगळं तिथून निघालेलं होतं.

"हे माझंच अक्षर आहे," सबनीस म्हणाले.

"तेच सांगतोय ने. मूळ तुम्हीच."

"समरजित, ती तारीख मी ठेवली होती."

"ठेवली म्हणजे?"

"मनाने. दिवस मोकळा होता म्हणून. खरी तारीख आठ नोव्हेंबर आहे. आत्याने सांगितली, पंचांगात ग्रहण आहे."

समरजितनी लॅपटॉप हळूच मिटला. मग आजूबाजूला पाहिलं. मी पान उलटलं.

"काका," ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे अजून कुणाला सांगितलंय?"

"नाही."

"मग नका सांगू. हा पूर्ण डेटा तुमच्या वह्यांतून आलाय. एक तारीख मनाने लिहिली म्हटलं तर समिती म्हणेल, बाकीच्या कशावरून नाहीत? सगळं बंद करतील. सदतीस वर्षांचं काम आहे तुमचं."

"बाकीच्या सगळ्या खऱ्या आहेत."

"मला माहीत आहे. पण ते सिद्ध कोण करणार, मी?"

"मग निदान आठ नोव्हेंबरलाही नाव लावा. खाली, लहान."

"सिस्टीम एका माणसाला दोन जन्मतारखा घेत नाही, काका. आणि सातला चार सोर्स आहेत. आठला एक. नव्वदीच्या आजी." ते खरंच ओशाळले होते. "मी काय करू, तुम्हीच बोला."

ठरावाला अनुमोदन सबनीसांचंच होतं.

सात मार्चला स्क्रीनवर वडील आले. 'प्रसिद्ध क्लॅरिनेटवादक जनार्दन सबनीस, जन्म कोल्हापूर.' प्रसिद्ध हा शब्द त्यांना पहिल्यांदाच मिळाला, आणि कोल्हापूरही. सभासदांनी सबनीसांशी हस्तांदोलन केलं. जन्मभर रावपुऱ्याच्या बाहेर न गेलेले एक गृहस्थ म्हणाले, मी त्यांना कोल्हापुरात ऐकलंय. सबनीसांनी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करता येतं, ते त्यांना सुचलं नाही.

शिऱ्याचा डबा आला होता. सबनीसांनी घरी अहल्याबाईंना सगळं सांगून टाकलं होतं आणि शिरा करू नको म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "सदतीस वर्षं या तारखेला तूप जाळतेय मी. आता तारीख खोटी म्हणता. मग आधीच्या शिऱ्यांचं काय?" आणि त्यांनी रवा भाजायला घेतला.

त्यानंतर सबनीसांनी समितीला अर्ज दिला. त्यात बनवाबनवीचं काही नव्हतं, फक्त 'नव्याने मिळालेली माहिती' असं होतं. मेमध्ये बैठक झाली नाही कारण अर्धे सभासद मुलांकडे अमेरिकेला होते. जुलैत झाली, पण पंख्यांच्या दुरुस्तीवर संपली. मग गणपती आले, मग नवरात्र, आणि नवरात्रात बडोद्यात गरब्याखेरीज कुठलाही ठराव होत नाही. मग दिवाळी. अर्जावर लाल शाईत लिहून आलं, 'नोंद घेतली.' सबनीसांनी आयुष्यभर रेल्वेत तोच शेरा लिहिला होता. त्याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता.

आणि मथुरा आत्या दर आठवड्याला फोन करत होत्या. "किती दिवस राहिले रे?" सबनीस दिवस मोजून सांगत. तेवढंच खरं त्यांना सांगता येत होतं.

"आत्यांना सांगून टाका," मी एकदा म्हटलं.

"काय सांगू? तुझ्या भावाला चार पुराव्यांनी मार्चमध्ये जन्माला घातलंय म्हणून?"

आठ नोव्हेंबर शनिवारी आली. दहाच्या सुमारास रिक्षा थांबली, आणि नयनाने धरून आत्यांना उतरवलं. नऊवारी, खांद्यावर शाल, पायात मोज्यांवर चपला. चपला कुठे काढायच्या ते फळ्यावर वाचता येत नसल्यामुळे त्या सरळ आत आल्या. सबनीसांनी त्यांना जिन्यापाशी बाकावर बसवलं. समोर स्क्रीन.

"तिथी बुधवारीच गेली," आत्या बसता बसता म्हणाल्या. "पण तुमचं इंग्रजी असतं, म्हणून आज आले. कुठाय?"

स्क्रीनवर दातांच्या दवाखान्याची जाहिरात होती. मग वाचनालयाच्या वेळा. मग एक मोठा हसरा चेहरा आला, आणि त्याच्या बाजूला पाचेक ओळी.

आत्यांनी डोळे बारीक केले. "हा कोण? दादाला चष्मा नव्हता."

"तो दुसरा आहे, आत्या. याच दिवशी जन्मलेला."

"असं का. मग दादा?"

सबनीसांनी स्क्रीनकडे पाहिलं. पुढचं पान लागलं. त्यावर कुठल्याशा दूरच्या देशातली निवडणूक आणि एका यंत्राचा शोध होता. ते म्हणाले, "हे बघ, आलं."

"वाच की मग. अक्षरांच्या जागी मला नुसता उजेड दिसतोय."

"एकोणीसशे एकोणीस," सबनीस म्हणाले, आणि घसा साफ केला. "बडोदे संस्थानच्या बँडमधील क्लॅरिनेटवादक जनार्दन सबनीस यांचा जन्म."

तेवढ्यात स्क्रीनवर पुन्हा दात आले. आत्यांना उजेडाचा रंग बदललेला कळला.

"गेलं?"

"परत येतं. दीड मिनिटाने."

"मग बसू."

आम्ही बसलो. दीड मिनिटाने तो हसरा चेहरा आला, मग निवडणूक आली, आणि सबनीसांनी पुन्हा वाचलं. या वेळी त्यांनी 'बडोदे येथे' असं घातलं, कोल्हापूर पुसून काढल्यासारखं. आत्यांनी मान हलवली. नयना खिडकीबाहेर बघत होती. तिला मराठी वाचता येतं, आणि तिने एकदाच स्क्रीनकडे पाहिलं होतं.

तिसऱ्या वेळी समरजित जिना उतरून आले. ते कुणाशी तरी फोनवर इंग्रजीत बोलत होते. सबनीसांचं वाचन ऐकून थांबले, स्क्रीनकडे पाहिलं, सबनीसांकडे पाहिलं, आणि फोन खिशात टाकला.

"कोण आलं?" आत्यांनी विचारलं.

"चिटणीस आहेत आमचे. हा स्क्रीन यांनीच लावलाय."

"हो का. बाळ, तू वाच रे एकदा. ह्याचा आवाज रडका आहे, लहानपणापासून. काही कळत नाही."

समरजित उभेच राहिले. स्क्रीनवर वाचनालयाच्या वेळा होत्या. त्यांनी त्या जणू पहिल्यांदाच बघाव्यात तशा पूर्ण वाचून काढल्या, मनातल्या मनात. मग हसरा चेहरा आला. मग निवडणूक. आत्यांनी कान पुढे केला. दोन स्रोतांचा नियम करणाऱ्या माणसाने एकदा सबनीसांकडे पाहिलं. सबनीस जमिनीकडे बघत होते.

"एकोणीसशे एकोणीस," समरजित म्हणाले. "क्लॅरिनेटवादक जनार्दन सबनीस यांचा जन्म."

"बँडचं गाळलंस."

"बडोदे संस्थानच्या बँडमधील," त्यांनी जोडलं.

"हां. आता नीट कळलं." आत्यांनी शाल सारखी केली. "त्याचं नाव असं कुणी परक्याने घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. उद्या पण असेल ना रे?"

"नाही, आत्या," सबनीस म्हणाले. "उद्या दुसरे असतात."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग अजून एकदा होऊ दे."

स्क्रीनवर दातांचा दवाखाना आला होता. समरजित बाकाच्या टोकाला टेकले, आणि आम्ही सगळे तो जायची वाट बघत बसलो.